वेचणे, राखणे आणि ओरबाडणे : गडचिरोलीच्या वनोपजाविषयी एक उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकार आणि संकलन हा मानवी समाजाचा पहिला टप्पा, त्यानंतर पशुपालन, मग शेती असा क्रम शिकवला जातो, असे असताना गडचिरोलीत आजही हजारो कुटुंबे मोहफुले, विड्यांसाठी लागणारा तेंदूपत्ता, चारोळी गोळा करतात, त्याला त्या पहिल्या टप्प्याचा अवशेष समजायचे का, आणि इतक्या लोकांनी इतके गोळा केल्यावर जंगल टिकते कसे? प्रश्नकर्ते या विषयावर लघुप्रबंध लिहीत असून काही गावांचे सर्वेक्षण करणार आहेत. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील ग्रामसभांबरोबर वनहक्कांचे दावे, वनोपजाची विक्री आणि तिचे हिशेब ही कामे मी दीर्घकाळ करत आलो आहे, त्यामुळे उत्तर प्रामुख्याने त्या कामाच्या अंगाने देतो.

टप्प्यांची कल्पना आधी बाजूला ठेवावी. जे समाज संकलनाची उदाहरणे म्हणून पाठ्यपुस्तकांत येतात, ते सुद्धा जगापासून तुटून राहिलेले नव्हते. १९६० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटाच्या डोबे परिसरातील कुंग सान लोकांच्या आहाराची काटेकोर मोजदाद केली, तेव्हा शिकारीपेक्षा वनस्पतिजन्य अन्नाचा, म्हणजे मुख्यतः स्त्रियांनी वेचून आणलेल्या मोंगोंगो झाडाच्या बिया, कंद आणि फळे यांचा वाटा बराच मोठा असल्याचे दिसून आले. परंतु हेच लोक गुरे पाळणाऱ्या शेजाऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या देवघेव करत होते. टांझानियातील इयासी सरोवराकाठचे हाडझा लोकही शेतकरी आणि पशुपालक यांच्या शेजारीच राहतात आणि मध देऊन धान्य घेतात. शेती माहीत नाही म्हणून कोणी वेचतो, असे चित्र या दोन्ही ठिकाणी उभे राहत नाही. गडचिरोलीत तर ते मुळीच राहत नाही, कारण इथला वेचणारा माणूस बहुधा धानाचा शेतकरीही असतो.

या जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनक्षेत्रात मोडतो. शेती बहुतांशी पावसावरची आणि एकाच पिकाची, म्हणजे धानाची. पावसाळा संपता संपता आणि हिवाळ्याच्या तोंडावर धान घरात येते, माघ-फाल्गुनात कोठीचा तळ दिसू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी मोह फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, एप्रिल-मेमध्ये चारोळी, मे महिन्यात तेंदूपत्ता, जूनच्या तोंडावर मोहाची फळे म्हणजे टोळ, पाऊस सुरू झाला की बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, सात्यांसारखी रानातली अळिंबी आणि नाना रानभाज्या, थंडीत आवळा, हिरडा, बेहडा, आणि पावसाळा वगळून बांबूची कटाई, असे हे वर्ष चालते. धानाच्या वर्षाशी ताडून पाहिले की दोन्हींची जुळणी लक्षात येते. शेताला माणसाची गरज नसते त्या महिन्यांत जंगल काम देते, आणि खरिपाचे बियाणे, मुलांचे शाळाप्रवेश, घराची डागडुजी यांसाठी रोख पैसा लागतो त्याच्या आदल्या पंधरवड्यात तेंदूची मजुरी हातात येते. यातले कोणते काम मुख्य आणि कोणते जोडधंदा, हे ठरवण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे. भामरागड तालुक्यातल्या माडिया आदिवासी कुटुंबाला तो प्रश्न विचारला तर ते सौजन्याने काहीतरी उत्तर देतात, एवढेच.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या भागाकडे वळतो. इतके वेचूनही जंगल टिकते का? काही ठिकाणी टिकते, काही ठिकाणी नाही, आणि हा फरक समजून घ्यायचा असेल तर एकाच गावातल्या दोन झाडांकडे नीट पाहावे : मोह आणि चारोळीचे झाड, म्हणजे चार.

मोहाची फुले रात्रीपासून गळू लागतात आणि सकाळ वर येईपर्यंत गळत राहतात. फिकट पिवळी, मांसल, बोटांत दाबली तर चिकट रस सुटणारी ही फुले उन्हात पडून राहिली की लिबलिबीत होतात, मुंग्या लागतात, हरणे आणि अस्वलेही त्यांच्यावर टपलेली असतात. म्हणून बायका आणि मुले पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. फुले वाकून एकेक वेचावी लागतात. झाड हलवून किंवा फांदी तोडून काही साधत नाही, कारण पक्व फूल आपोआप गळते. घरी आणून अंगणात तीन-चार दिवस वाळवली की ती तांबूस तपकिरी होतात आणि त्यांचे वजन बरेच घटते. यातली काही फुले घरात राहतात, भाजून, कुटून, लाडू करून खाल्ली जातात. काहींची दारू होते, जी देवकार्यात आणि पाहुणचारात लागते. उरलेली विकली जातात. इथे एक कटू गोष्ट नोंदवली पाहिजे. चैत्र-वैशाखात निकडीपायी व्यापाऱ्याला स्वस्तात विकलेली फुलेच अनेक कुटुंबे पावसाळ्यात चढ्या भावाने परत विकत घेतात. साठवणुकीची कोरडी जागा आणि दोन महिन्यांचा उसना पैसा एवढ्यावर हा तोटा टाळता येतो, आणि जिथे ग्रामसभेने किंवा बचत गटाने ती सोय केली तिथे तो टळलेलाही आहे.

परंतु मुद्दा झाडाचा आहे. बहुतेक गावांत मोहाचे कोणते झाड कोणत्या घराचे, हे ठरलेले असते. झाड शेताच्या बांधावर असो किंवा सरकारी दप्तरी वनखात्याच्या जमिनीवर असो, गावाच्या लेखी ते अमक्याच्या आजोबांपासूनचे असते; त्याखाली दुसरा कोणी टोपली घेऊन बसत नाही, आणि बसलाच तर भांडण गावाच्या बैठकीत येते. भावांच्या वाटण्यांत शेताबरोबर मोहही वाटले जातात. उद्याची आणि पुढच्या वर्षाचीही फुले आपल्याच अंगणात येणार, याची खात्री असल्यामुळे मोहावर कुऱ्हाड चालवण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

चाराच्या झाडाची गोष्ट उलटी आहे. चारोळी म्हणजे चार या झाडाच्या फळातल्या आठळीचा गर. बाजारात तिला मोहापेक्षा कितीतरी पट भाव मिळतो. फळ हिरवे असते तेव्हा आतला गर भरलेला नसतो; ते जांभळट काळे पडले की गर पूर्ण भरतो, आणि वरचा गोडसर भाग माणसे, पाखरे, अस्वले सगळेच खातात. पिकण्याची वाट पाहिली तर वेचणाऱ्याला जास्त वजन आणि चांगला भाव मिळेल, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही फळ हिरवे असतानाच ओरबाडले जाते, आणि हात पोचत नाही तिथे फांदीच तोडली जाते. याचे कारण एवढेच की चाराचे झाड सहसा कोणा एका घराचे नसते. मी आठ दिवस थांबलो तर शेजारच्या गावचा माणूस उद्या पहाटे येऊन नेईल, ही भीती रास्त असते. तीच माणसे, तीच गरिबी, तेच जंगल; एका झाडाला जपले जाते आणि दुसऱ्याच्या फांद्या तुटतात. म्हणून गरीब माणूस जंगल ओरबाडतो, हे सरसकट विधान मला मान्य नाही. उद्याही हे आपलेच असेल याची शाश्वती जिथे नसते, तिथे ओरबाडणे सुरू होते. मग तो वेचणारा गरीब असो किंवा परवाना घेतलेला श्रीमंत ठेकेदार असो.

हा नियम मोहालाही पूर्णपणे वाचवत नाही, हेही सांगितले पाहिजे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे. त्या विस्तवातून उन्हाळ्यातले पुष्कळ वणवे लागतात आणि मोहाची कोवळी रोपे त्यात जळून जातात. शिवाय बियांपासून तेल काढायचे म्हणून टोळही वेचले जातात. परिणामी म्हातारे मोह भरपूर आणि तरुण मोह मोजके, असे चित्र अनेक शिवारांत दिसते. झाड माझे म्हणून मी ते तोडत नाही, पण पुढच्या पिढीचे झाड कोणाचेच नसल्यामुळे ते उगवावे याची काळजीही कोणी घेत नाही. पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळी बांधणे हे उपाय अवघड नाहीत. ते पसरले ते मात्र गावाने एकत्र बसून ठराव केला तिथेच. नुसत्या फलकांनी आणि भित्तिपत्रकांनी फारसे काही झाले नाही.

गावाने एकत्र ठरवण्याची रीत इथे नवी नाही. गोंड आणि माडिया समाजांत नव्या फळाफुलाचा पंडुम करण्याची प्रथा आहे. आंब्याचा, मोहाचा असे त्या त्या हंगामाचे पंडुम असतात. गावच्या देवाला नवे फळ वाहण्याचा विधी झाल्याशिवाय ते तोडायचे किंवा खायचे नाही, असा दंडक असतो, आणि दिवस गावाचा पुजारी आणि जाणती माणसे ठरवतात. याला पर्यावरणशास्त्र म्हणावे की श्रद्धा, या वादात मी पडत नाही. व्यवहारात काय घडते ते पाहावे : फळ धरू लागल्यापासून पंडुमापर्यंत सगळ्या गावाला एकाच वेळी बंदी लागू होते, त्यामुळे कोणी दुसऱ्याच्या आधी पळवेल ही भीती गावापुरती संपते. चाराच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट हरवलेली असते. बाहेरचा व्यापारी हिरवी चारोळीसुद्धा विकत घेऊ लागला की पंडुमाचा दंडक ढिला पडतो, आणि शेजारच्या गावाने तो मोडला की आपल्या गावाने पाळण्यात अर्थ उरत नाही.

हा दंडक मोडण्यात कायद्याचा वाटा बाजारापेक्षा जुना आहे. १८७८ आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्यांनी जंगल सरकारी मालकीचे ठरवले आणि गावाच्या वहिवाटीला मेहेरबानीचे स्वरूप दिले. मुंबई इलाख्यात तर दारूच्या महसुलासाठी १८९२ मध्ये मोहफुलांवर खास कायदा झाला. गडचिरोली तेव्हा मध्य प्रांतात असल्याने तो इथे लागू नव्हता, परंतु मोहाच्या फुलाकडे संशयाने पाहण्याची सरकारी दृष्टी दोन्हीकडे सारखीच राहिली. पुढे १९६९ च्या राज्य कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाच्या एकाधिकारात आला. जंगलाचे घटक म्हणजे विभाग पाडून त्यांचे लिलाव होत, ठेकेदार येई, आणि पाने तोडणाऱ्याला मालाची किंमत मिळण्याऐवजी पुडक्यामागे मजुरी मिळे. आपल्याच जंगलात माणूस मजूर झाला.

तेंदूचे काम जवळून पाहिल्याशिवाय या बदलाचे वजन कळत नाही. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. त्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेंदूची झुडुपे बुंध्याशी छाटतात. याला खुटकटाई म्हणतात, आणि तिच्यामुळे मे महिन्यात मोठी, लवचीक, एकसारखी पाने फुटतात. पहाटे निघून ऊन चढण्याआधी पाने तोडून आणायची, मग घरातल्या सगळ्यांनी सावलीला बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे गोळा करण्याच्या जागी, नेऊन मोजून द्यायची. अशी हजार पुडकी मिळून एक प्रमाण गोणी होते. फळीवर पुडकी उन्हात ओळीने मांडून वाळवतात, काही दिवसांनी उलटतात, आणि भरताना पाने तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी शिंपडतात. एखादा वळवाचा पाऊस किंवा गारपीट झाली की आठवड्याचे काम काळे पडते. ठेकेदाराच्या काळात हा तोटा कोणाचा, हे नेहमी ठेकेदारच ठरवत असे. पुडके लहान आहे, पाने किडकी आहेत, असे म्हणून मोजणीत कपात होई आणि दाद मागायला जागा नसे.

आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ही मांडणी बदलली. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू, तेंदूपत्ता, मध, मेण, लाख, कंदमुळे हे सगळे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू, म्हणून आले, आणि ते गोळा करणे, वापरणे व विकणे यांवर गावाचा मालकीहक्क मान्य झाला. त्याहून मोलाचा आहे तो सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क, कारण शेजारचा येऊन नेईल ही भीती घालवण्याचे कायदेशीर हत्यार तेच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. तरीही गावाने कापलेला बांबू बाहेर नेण्याचे वाहतूक परवाने कोण देणार, यावर तिढा राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन तो अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. २०१२ च्या सुधारित नियमांत ग्रामसभेच्या समितीने परवाना देण्याची तरतूद आली आणि इतर गावांचा मार्ग मोकळा झाला. आज गडचिरोलीतील हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. हक्काचे कागद आले म्हणून व्यवस्थापन आपोआप येते असे मात्र नाही. काही गावांत ठेकेदार गेला आणि त्याच्या जागी गावातलाच एखादा चतुर माणूस बसला, हेही मी पाहिले आहे. ज्या ग्रामसभांनी निविदा काढताना अनामत घेतली, माल उचलण्याआधी पैसे खात्यात येतील अशी अट घातली आणि हिशेब भर सभेत वाचला, त्यांचे तेंदूचे व्यवहार तरले. तोंडी शब्दावर विसंबलेल्या काही गावांची लाखोंची थकबाकी वर्षानुवर्षे अडकून पडली.

आपल्या प्रबंधासाठी सर्वांत बोलके उदाहरण मला चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचे वाटते. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाल्यानंतर या गावाने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. खुटकटाईने झुडपाचे झाड होत नाही, फळे धरत नाहीत, आणि हंगामाच्या तयारीत वणवे लागतात, असा त्यांचा विचार होता. पाने सोडली तर तेंदूची गोड फळे माणसांना आणि पाखरांना दोघांनाही मिळतील, आणि पोट बांबूवर भरता येईल, असे गावाने ठरवले. जंगलाचा एक भाग देवराईसारखा पूर्ण राखून ठेवला. बांबू तोडतानाही प्रत्येक रांजीत, म्हणजे बांबूच्या बेटात, त्या वर्षी फुटलेला कोवळा बांबू सोडायचा, हा नियम अशा गावांत पाळला जातो. हे उदाहरण सांगताना लोक बहुधा त्यागाची गोष्ट म्हणून सांगतात. मला ते तसे वाटत नाही. पाचगावाकडे चांगला बांबू होता, म्हणून ते तेंदू सोडू शकले. ज्या गावाच्या हद्दीत बांबू नाही, त्याला मे महिन्याचे उत्पन्न सोडा असे सांगणे हा बाहेरच्याचा उद्धटपणा ठरेल. निवड करता यावी इतकी मालकी गावाकडे असणे महत्त्वाचे. निवड काय करावी ते प्रत्येक गाव आपल्या जंगलाकडे पाहून ठरवते.

एका संकटाचा उल्लेख केल्याशिवाय आजचे चित्र पुरे होणार नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि गडचिरोलीच्या लगतच्या पट्ट्यात वाघांची संख्या वाढली आहे, आणि मोह-तेंदूच्या हंगामात माणसांवरचे हल्ले वाढतात. वाकून वेचणारी बाई जनावराच्या नजरेला उभ्या माणसासारखी दिसत नाही, आणि पहाटेची वेळ वाघाच्याही हिंडण्याची असते. गट करून जाणे, पुरते उजाडल्यावरच निघणे, एकाने पहारा देणे हे गावे करतात. पण उशिरा गेले तर फुले कोमेजतात किंवा रानडुकरे खातात, त्यामुळे ही शिस्त रोज पाळली जात नाही. आपण सर्वेक्षणाला याच महिन्यांत जाणार असाल तर एकट्याने जंगलात शिरू नये, ही विनंती समजा किंवा अट समजा.

सर्वेक्षणाबद्दल दोन गोष्टी सुचवतो. वनोपजातून वर्षाला किती उत्पन्न मिळते, असा एकच प्रश्न विचारलात तर मिळणारा आकडा जवळजवळ निरुपयोगी असेल, कारण लोक फक्त तेंदू आणि बांबूची रोकड सांगतात. घरात खाल्लेली भाजी, कंद, वास्ते, तेल, सरपण, झाडू, औषधी साली यांतले काहीच त्यात येत नाही. त्याऐवजी महिनावार विचारा, आणि काल संध्याकाळी चुलीवर काय शिजले इथून सुरुवात करा. वैचांदीचा कंद चिरून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्याचे विष कसे उतरवतात, हे एखाद्या वयस्क बाईकडून समजून घ्या. कोणता कंद किती दिवसांनी खाण्याजोगा होतो, कोणत्या वेलीचा अर्धा कंद जमिनीत सोडायचा, हे ज्ञान पुरुषांच्या बैठकीत मिळत नाही. दुसरे असे की प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना मालकीचा ठेवा : हे झाड कोणाचे, हे कोणी ठरवले, आणि बाहेरचा कोणी आला तर काय होते. त्या रकान्यात जिथे 'कोणाचेच नाही' असे उत्तर येईल, तिथली झाडे प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि त्यांच्या तुटलेल्या फांद्या मोजा.